सुधारक ओलवे यांचा कॅमेरा काय पाहतो?

मागच्या सत्रात छोट्या गटाला आम्ही ‘आपले मदतनीस’ हा पाठ शिकवला. पोस्टमन, डॉक्टर, शिक्षिका, बसचालक आणि शेवटी सफाई कामगार, अशी चित्रे कापून वहीत चिकटवायची होती. चित्रातला सफाई कामगार स्वच्छ निळ्या कपड्यांत, हातात नवा कोरा झाडू आणि चेहऱ्यावर भरपूर हसू. मुलांनी गोंदाचे हात एकमेकांना पुसले, नावे लिहिली, आणि पाठ संपत आला तेव्हा आठ वर्षांच्या एका मुलाने विचारले, “मग आजीकडे त्यांच्यासाठी वेगळा कप का असतो?”

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो भारतात आजीकडे गेला होता. मागच्या गॅलरीत, कठड्याच्या कोपऱ्यात, कान तुटलेला एक कप उपडा ठेवलेला त्याने पाहिला होता. संडास-बाथरूम धुवायला येणाऱ्या बाईंना त्यात चहा मिळे. त्या बाई तो कप स्वतःच विसळून पुन्हा तिथेच ठेवत. वर्गात आम्ही तिघे मोठे होतो. तिघांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. एक जण “नंतर सांगते हं” म्हणाली आणि आम्ही खाऊची सुट्टी दहा मिनिटे आधीच दिली.

घरी जाताना गाड्यांपाशी उभे राहून आमचे बोलणे झाले. आमच्या तिघांच्याही माहेरी-घरी तसा एकेक कप होता. एकीकडे तो कप नव्हे, पेला होता, एवढाच फरक. त्या मुलाच्या प्रश्नाला आमच्या अकलेप्रमाणे उत्तर द्यावे म्हणून हा लेख. उत्तर आम्ही एका छायाचित्रकाराच्या मदतीने देत आहोत, कारण त्याने जे पाहिले ते आम्ही त्याच शहरात राहून, रोज शेजारून जाऊन पाहिले नव्हते.

एक खुलासा आधीच करतो. या अंकात त्यांचा एकही फोटो छापलेला नाही. आपल्या झेरॉक्समध्ये साध्या गणपतीचासुद्धा काळा डाग होतो, हे मागच्या दोन अंकांत आपण पाहिलेच आहे. शिवाय दुसऱ्याचे फोटो न विचारता छापणे बरे नव्हे. तेव्हा शब्दांवरच भागवून घ्यावे.

सुधारक ओलवे हे मूळचे अकोल्याचे, आणि काम मुंबईत. १९८८ पासून त्यांनी मुंबईतल्या वर्तमानपत्रांसाठी छायाचित्रे काढली. त्यांच्या नावाकडे मुलांनी जरूर लक्ष द्यावे. ‘सुधारक’ म्हणजे सुधारणा करणारा. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली जे वर्तमानपत्र काढले त्याचेही नाव ‘सुधारक’च होते. महाराष्ट्रात आईवडिलांनी मुलाला असे नाव ठेवणे हेसुद्धा काही सांगून जाते.

वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराचे काम धावपळीचे. सकाळी मंत्र्याचे उद्घाटन, दुपारी क्रिकेट, संध्याकाळी नटीची मुलाखत. फोटो काढायचा, कार्यालयात धाडायचा आणि विसरायचा. ओलवे यांनी या धावपळीतून वेळ काढून एकाच विषयाकडे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा जायला सुरुवात केली. तो विषय म्हणजे मुंबई महानगरपालिकेचे सफाई कामगार. हे कामगार सुमारे तीस हजार, आणि जवळजवळ सगळे दलित समाजातले. पुढे या कामाची प्रदर्शने झाली, पुस्तक झाले. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘प्रतिष्ठेच्या आणि न्यायाच्या शोधात’ असा आहे.

आता हे कामगार नेमके काय करतात ते सांगायला हवे, कारण आपल्या इथल्या मुलांच्या डोळ्यांसमोर चाकांच्या पेट्या, हातमोजे घातलेली माणसे आणि मागून पेटी उचलून घेणारी गाडी असते. मुंबईत सकाळी उजाडायच्या आत कामगार आपल्या विभागाच्या चौकीवर जातो. तिथे मुकादम हजेरी घेतो. मग कोणी खराटा आणि ढकलगाडी घेऊन रस्ता झाडायला जातो, कोणी कचऱ्याच्या गाडीवर. गाडीवरच्या कामगाराला पालिकेच्या भाषेत ‘मोटार लोडर’ म्हणतात. नाव यंत्राचे वाटते, पण ते माणूसच असते. कचरापेटीतला ओला कचरा फावड्याने नाहीतर हाताने टोपल्यांत भरायचा, टोपली डोक्यावर घ्यायची, गाडीत ओतायची, आणि गाडी भरत आली की वर चढून पायांनी दाबायची. त्या कचऱ्यात भाजीचे देठ असतात तशा फुटक्या काचा, दवाखान्यातल्या सुया, मेलेले उंदीर आणि मेलेली कुत्रीही असतात. गाडी पुढे देवनारच्या कचराभूमीवर रिकामी होते. ती कचराभूमी १९२७ पासूनची आहे. म्हणजे आपल्या आजोबांच्या लहानपणचा कचराही तिथेच खाली कुठेतरी आहे.

आणि काही कामगार गटारात उतरतात.

ओलवे यांच्या फोटोंपैकी एकदा पाहिल्यावर डोळ्यांपुढून जात नाहीत ते हेच. रस्त्याच्या मधोमध एक गोल भोक. त्यातून एका माणसाचे डोके आणि खांदे वर आलेले. अंगावर कपडा नाही. केस, कपाळ, पापण्या यांवर काळा गाळ. वर उभे असलेले साथीदार त्याच्या हातातून बादली घेत आहेत. फोटो कृष्णधवल आहे, त्यामुळे गाळ कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो ते क्षणभर कळत नाही. मग डोळे दिसतात. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे की रंगीत फोटो असता तर आपण “शी” म्हणून मान फिरवली असती. कृष्णधवल असल्यामुळे आधी माणूस दिसतो आणि मग घाण. दुसरीला हे पटले नाही. तिच्या मते घाणीचा रंगही दिसायलाच हवा होता. हा वाद आम्ही मिटवलेला नाही.

गटारात उतरण्यात काय धोका आहे, हे मोठ्या गटाच्या मुलांना विज्ञानाच्या तासाला कळण्यासारखे आहे. बंद गटारात मैला कुजतो आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचून राहतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण खरी कपटी गोष्ट पुढे आहे. त्याचे प्रमाण वाढले की नाकाला वास येणेच बंद होते. माणसाला वाटते की वायू गेला, आणि तो आणखी खाली उतरतो. मग थोड्या श्वासांतच शुद्ध हरपते. वरचा साथीदार त्याला काढायला खाली उतरतो आणि तोही पडतो. भारतातल्या वर्तमानपत्रांत एकाच गटारात दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या येतात त्या यामुळे. बाकीचे मरण सावकाश येते. क्षयरोग, त्वचेचे रोग, पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो. त्यात दारूची भर. ती का प्यायली जाते हे फोटो पाहिल्यावर विचारावेसे वाटत नाही.

ओलवे फक्त गटारापाशी थांबले असते तर ती बातमी झाली असती. ते कामगारांच्या मागोमाग घरी गेले. पाळी संपवून आलेला माणूस, एकाच खोलीत मावलेले कुटुंब, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, अभ्यासाला बसलेले पोर. घरचा माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या बायका. या खोल्या पुष्कळदा पालिकेच्या वसाहतीतल्या असतात आणि त्या नोकरीला बांधलेल्या असतात. इथेच खरी गोम आहे, आणि ती समजावून घ्यायला आम्हालाही वेळ लागला. महाराष्ट्रात लाड-पागे समिती नावाची एक समिती झाली होती. तिच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगार निवृत्त झाला, आजारी पडला किंवा मरण पावला तर त्याच्या वारसाला ती नोकरी प्राधान्याने मिळते. हेतू चांगला. घर उघड्यावर पडू नये. पण परिणाम पाहा. बापाने खराटा ठेवला आणि मुलाने तो उचलला नाही, तर नोकरी जाते आणि डोक्यावरचे छप्परही जाते. मुलगा दहावी असो, बारावी असो, बी. ए. असो. गावात जातीने जे काम वाट्याला यायचे, ते शहरात अर्जाच्या नमुन्यावर वाट्याला आले. कामगारांना पगाराशिवाय घाणकाम भत्ता मिळतो. ‘घाणकाम’ हा शब्द आम्ही नव्हे, कार्यालयाने बनवला आहे.

आपल्या त्या कपाचे मूळ इथे आहे, असे आम्हाला वाटते. घाण काम करणारा माणूस घाण, त्याची मुले घाण, त्याने ओठाला लावलेला कप घाण. काम आणि माणूस यांच्यातली ही गाठ जातीने पक्की केली. बाई स्वच्छ आंघोळ करून आली, जरीची साडी नेसून आली, तरी कप कठड्यावरचाच. साबणाने धुऊन जाणारी घाण ती नव्हतीच मुळी.

फोटो काढून असे प्रश्न समाजापुढे मांडणारे ओलवे हे काही पहिले नव्हेत, आणि यात आपल्या लंडनचा व वॉटफर्डचाही वाटा आहे. जॉन थॉमसन नावाचा एक स्कॉटिश छायाचित्रकार १८६५ मध्ये सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला गेला होता आणि त्याने तिथल्या राजा मोंगकुटचे फोटो काढले. परत आल्यावर त्याने राजांना सोडून लंडनच्या रस्त्यावरची माणसे धरली. अॅडॉल्फ स्मिथ या पत्रकाराबरोबर त्याने १८७७ मध्ये ‘स्ट्रीट लाइफ इन लंडन’ प्रसिद्ध केले. त्यात फुले विकणाऱ्या बायका आहेत, पायऱ्यांवर बसून दिवस काढणारी म्हातारी आहे आणि ‘फ्लाइंग डस्टमेन’ही आहेत. हे लोक ठेका नसताना दुसऱ्याच्या हद्दीत शिरून घराघरातली राख-कचरा उचलून पळत. तेव्हा लंडनमध्येही कचरा हाताने आणि टोपलीनेच उचलला जाई. पुढे अमेरिकेत लुइस हाइन याने १९०८ पासून कारखान्यांत आणि खाणींत राबणाऱ्या लहान मुलांचे फोटो काढले. त्या फोटोंचा बालमजुरीविरुद्धच्या चळवळीला मोठा आधार झाला.

आता वॉटफर्ड. आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे की ‘पिक्चर पोस्ट’ हे साप्ताहिक इथे, व्हिपेंडेल रोडवरच्या सन छापखान्यात छापले जात असे? १९३८ ते १९५७ अशी एकोणीस वर्षे ते चालले आणि ऐन भरात त्याचा खप दहा लाखांच्या पुढे होता. बेकारी, झोपडपट्ट्या, बॉम्बहल्ल्यात घर गेलेले लोक, हे सारे त्याने फोटोंतून घरोघर पोहोचवले. बर्ट हार्डी या त्याच्या छायाचित्रकाराने १९४८ मध्ये ग्लासगोच्या गॉरबल्स वस्तीत काढलेला हातात हात घालून चाललेल्या दोन पोरांचा फोटो आजही ओळखला जातो. सनमध्ये छपाई ग्रॅव्ह्युर पद्धतीने होई. तांब्याच्या मोठ्या रुळावर बारीक बारीक खळगे असत. खळगा जितका खोल तितकी शाई जास्त, आणि तितका गडद काळा रंग. म्हणूनच त्या फोटोंतला काळा रंग मखमलीसारखा दिसे. आमच्या गल्लीतले एक शेजारी त्या छापखान्यात होते. हातांची शाई रविवारपर्यंत जात नसे, असे ते सांगत. आता तो छापखाना नाही. आपल्या झेरॉक्स यंत्राकडे पाहून त्या गावाचे हेच का दिवस, असे मनात येते, पण ते असो.

फोटोंनी काय झाले, हा प्रश्न साहजिकच येतो. इथे आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. भारतात हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला. तरी २०११ च्या जनगणनेत सात लाख चौऱ्याण्णव हजार घरांतला मैला माणसे उचलत असल्याची नोंद झाली. म्हणून २०१३ मध्ये दुसरा, अधिक कडक कायदा करावा लागला आणि त्यात सुरक्षिततेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे हाही गुन्हा ठरला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यायला सांगितले. २०२३ मध्ये तीच रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ माणसे अजून मरत आहेत.

मुंबईत तर दोन प्रकारचे कामगार झाले. एक कायम आणि दुसरे ठेकेदाराचे. काम तेच, गाडी तीच, पण ठेक्यावरच्या माणसाला ना रजा, ना भत्ता, ना वारसाची नोकरी. कचरा वाहतूक श्रमिक संघ या संघटनेने त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या केल्या आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे दोन हजार सातशे कामगारांना कायम करण्याचा निकाल दिला. हे संघटनेचे यश आहे, कॅमेऱ्याचे नव्हे. पण फोटो पाहिलेल्या माणसाला “आम्हाला ठाऊक नव्हते” असे म्हणण्याची सोय उरत नाही, आणि आमच्यासारख्यांच्या बाबतीत तेवढे तरी नक्की झाले. आमच्यातली एक दादरला वाढली. तिच्या गल्लीच्या तोंडाशीच चौकी होती. तिथल्या एकाही कामगाराचे नाव तिला आज आठवत नाही. चौकीशेजारच्या भेळवाल्याचे मात्र आठवते.

ओलवे यांचे काम सफाई कामगारांपाशी संपले नाही. कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांचे फोटो त्यांनी काढले, मुंबईतल्या कर्तबगार स्त्रियांवर पुस्तक केले. जातीय अत्याचारात आपले माणूस गमावलेल्या महाराष्ट्रातल्या कुटुंबांकडे ते गेले. या फोटोंत रक्त नाही, मारामारी नाही. घर आहे, आईबाप आहेत आणि नसलेल्या माणसाची जागा आहे. नॅशनल जिऑग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’ या उपक्रमात त्यांची निवड झाली, परदेशांत प्रदर्शने झाली आणि २०१६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्ट नावाची संस्थाही त्यांनी उभी केली. कॅमेरा इतरांच्या हातीही जावा, ही त्यामागची धडपड आम्हाला पद्मश्रीपेक्षा मोलाची वाटते. ज्याचा फोटो नेहमी दुसरेच काढतात, त्याने स्वतः फोटो काढला तर काय दिसेल?

“हे सगळे तिकडचे, आपण इकडे आहोत,” असे कुणी म्हणेल. आमच्यातही एकाने म्हटले. पण इथेही हा विषय कायद्यापर्यंत गेला आहे. जातीवरून होणारा भेदभाव समानतेच्या कायद्यात स्पष्टपणे घालावा की नाही, यावर इथे बरीच वर्षे वाद झाला. २०१८ मध्ये सरकारने ठरवले की वेगळी तरतूद करायची नाही, न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत. त्या वादात आपलीच माणसे दोन्ही बाजूंना होती. आणि आपल्या वर्गात नवीन कुटुंब आले की आडनाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न काय विचारला जातो, हे आपण सगळेच जाणतो. “म्हणजे मूळचे कुठले?” हा प्रश्न दर वेळी काही गावासाठी नसतो.

हा लेख अंकात घ्यावा की नाही यावर दोन शनिवार चर्चा झाली. एका पालकांचे म्हणणे होते की मुलांनी भाषा शिकायला यावे, हे विषय नकोत, आपल्या देशाचे वाईटच का दाखवायचे. त्यांचा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेला नाही. शाळेत इथली मुले आपल्या मुलांना भारताबद्दल काय काय बोलतात ते आम्हीही ऐकतो. पण प्रश्न एका आठ वर्षांच्या मुलाने विचारला होता, आणि मराठीतच विचारला होता. तेव्हा उत्तरही मराठीतच द्यायला हवे, यावर शेवटी बहुमत झाले.

पुढल्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मोठ्या गटाला ओलवे यांचे निवडक फोटो पडद्यावर दाखवणार आहोत. छोट्या गटाला गटाराचे फोटो दाखवणार नाही. त्यांच्यासाठी घरांचे आणि रस्ते झाडणाऱ्यांचे काही निवडले आहेत. ज्या पालकांना आपल्या मुलाने त्या तासाला बसू नये असे वाटते त्यांनी आधी सांगावे, त्या मुलांसाठी शुद्धलेखनाचा तास ठेवला आहे. सुट्टीत लंडनला किंग हेन्रीज रोडवरचे बाबासाहेब आंबेडकरांचे घर पाहायला जाण्याचाही विचार आहे. वॉटफर्ड जंक्शनहून युस्टनपर्यंत गाडीने आणि पुढे चॉक फार्मपर्यंत ट्यूबने, एवढेच अंतर. नावे नोंदवायची वही नेहमीप्रमाणे दाराजवळच्या टेबलावर आहे.

त्या मुलाने परवा आजीला फोन केला होता. कप अजून तिथेच आहे का, असे त्याने विचारले. आजी काय म्हणाली ते त्याने आम्हाला सांगितले नाही.